आभाळडाव

पहिलं घर चुलीचं, दुसरं घर मुलीचं,
तिसऱ्या घरी पाणी, नीट का गं राणी?

हा आवाज प्रभावतीबाईंच्या कानात अठ्ठावन्न वर्षं मुक्कामाला होता. किंचित घोगरा, दहा वर्षांच्या पोरीचा. ‘राणी’ म्हणताना शेवटाला वर उडायचा, चिमणी वळचणीला उडते तसा. भाकरी थापताना यायचा, नातवाच्या बारशाला जेवणाच्या पंगतीत आला होता, आणि एकदा तर बँकेच्या रांगेत असा आला की बाईंनी अंगठ्याऐवजी मोठ्यानं “व्हय” दिला होता. पण आवाजाची खोड एकच. तो विचारून थांबायचा. विचारलं की उत्तर द्यावं लागतं, आणि तेवढं एक उत्तर प्रभावतीबाईंनी अडवून धरलं होतं.

त्यांचं घर चाकणला, वेशीच्या आळीत; माहेरचंच घर, लग्नानंतरही न सुटलेलं. चाकणला आता गाव कोण म्हणतं? चारी बाजूंनी कंपन्या, पहाटेपासून शिफ्टच्या बसगाड्या, आणि कांद्याच्या ट्रकांमागं उभे राहिलेले मोटारींचे कंटेनर. पण वेशीची आळी मात्र वितीएवढीच राहिली. समोरासमोरच्या दोन ओट्यांवरून भाजीची वाटी हातोहात जावी, एवढीच.

यंदा गटाराचा नवा पाइप टाकायचा म्हणून आळी खोदायला घेतली. वर रंगीत सिमेंटचे ठोकळे, त्याखाली काँक्रीट, त्याखाली डांबर, त्याखाली मुरूम. प्रभावतीबाई ओट्यावर बसून बघत होत्या. एकेक थर निघाला की त्यांना त्या त्या वर्षीची निवडणूक आठवत होती.

“आजी, मागं सरा, दगड उडंल!” मशीनवरचा विक्की ओरडला.

“तू सावकाश चालव की रं! माझ्या जन्माच्या आधीची आळी हाय ती.”

एवढ्यात मशीनच्या दातांखालून कर्र असा आवाज आला. लोखंड दगडावर घासल्याचा. आणि कुठून तरी डोक्याला पिवळं हेल्मेट, पाठीला पिशवी लावलेली एक पोरगी पळत आली आणि दोन्ही हात पसरून मशीनसमोर उभी राहिली.

“थांबव दादा! थांबव! खाली फरशी आहे!”

“तुला काय स्वप्न पडलंय काय ताई?” विक्की म्हणाला, पण मशीन थांबलं.

पोरीचं नाव मैत्री. पुण्याला जुन्या वस्तूंच्या उत्खननाचं शिक्षण घेत होती. गल्ली खणणार हे कळल्यापासून ती अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. तिचे सयाजी सर आले, कागद फिरले, सह्या झाल्या आणि बारा दिवसांची मुदत मिळाली. बारा दिवस मशीन बंद. काम सगळं हातानं: खुरपी, ब्रश, चाळणी.

आळीतल्या लोकांनी आधी कुरकुर केली. प्रभावतीबाईंचा मुलगा दिग्विजय रात्रपाळी करून आला की मोटारसायकल पार कोपऱ्यावर लावून चालत यायचा आणि म्हणायचा, “आई, पाइप टाकायचा सोडून हे लोक दगडाला आंघोळ घालत बसलेत.” पण तिसऱ्या दिवशी तोही चहाचा कप घेऊन चराच्या कडेला उकिडवा बसला. त्याचं कारण खालून आळी उजळत होती. काळ्या दगडाची फरशी, माणसांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली, कडेनं दगडी गटार. आणि बरोबर प्रभावतीबाईंच्या ओट्यासमोर, दगडात खोल कोरलेल्या रेघा. उभ्या, आडव्या. चौकोनाला चौकोन लागलेले.

सयाजी सर गुडघे टेकून बसले. साठीला आलेले, पण दगड दिसला की लहान होणारे गृहस्थ. “काय असेल हे? काही मोजमाप? की पूजेची आकृती?”

ओट्यावर प्रभावतीबाईंच्या छातीत आठ चौकोन एकामागून एक उजळत गेले. त्या काही बोलणार एवढ्यात मैत्रीच म्हणाली, “सर, ही ठिकरीची घरं आहेत. मुली खापरीचा गोल तुकडा टाकून लंगडी घालत खेळतात ना, ती. आठ घरं.” मग वर बघून हसली. “हो ना आजी?”

“तुला कसं गं ठावं?” बाईंनी विचारलं. “तू तर कासारवाडीची म्हनालीस.”

“मी कासारवाडीची. पण माझ्या आजीचं माहेर इथलंच, ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं. ती नेहमी सांगते, डांबराखाली आमची घरं गाडलीत म्हणून. तेवढ्यावर तर मी आले. तानुबाई तिचं नाव. तुम्ही ओळखत असाल.”

प्रभावतीबाईंच्या हातातली बशी कलंडली. चहा लुगड्यावर सांडला तो सांडला.

“लई... लई पोरी होत्या तवा,” त्या म्हणाल्या.

“तिची एक मैत्रीण होती म्हणे या आळीत. नाव नाही सांगत. नुसतं राणी म्हणते.”

बाई उठून आत गेल्या. सून विजयश्री कणीक मळत होती. “काय झालं आत्या?” “धूळ गेली डोळ्यात,” बाई म्हणाल्या. आणि खरं सांगायचं, तर अठ्ठावन्न वर्षांची धूळ ती, जायची राहते थोडीच?

दुसऱ्या दिवसापासून त्या चराजवळून हलेनात. चहा करायच्या, पोहे पाठवायच्या, आणि चाळणीवर बसलेल्या मंजुळाबाईशेजारी फतकल घालायच्या. मंजुळाबाई लातूरकडची. नवऱ्याला इथं कंपनीत काम, हिला इथं माती. चाळणी हलवता हलवता ती आपल्या मनची ओवी गुणगुणायची:

चाळ बाई चाळणी, माती सांडते खाली गं,
वरती जे राहिलं, ती कुणाची लेकबाळी गं.

वरती बरंच राहत होतं. काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे, निळे, मधाच्या रंगाचे. एक मातीचा बैल, शिंग मोडलेला. घुंगरू. मैत्री एकेक वस्तू पिशवीत घालायची, वर चिठ्ठी लिहायची, आणि मंजुळाबाई म्हणायची, “नाव घाल बाई, नाव घाल. त्या लेकीला बरं वाटंल.”

आठव्या दिवशी दुपारी मंजुळाबाईनं आरोळी ठोकली. “ए पोरी, पळ की! गटारातल्या गाळात काय घावलंय बघ. पुरीएवढं गोल!”

लाल, झिलई असलेलं खापर. कडा घासून घासून गोल केलेल्या. पाण्यात बुचकळलं तर तांबड्या पोवळ्यासारखं चमकलं. सयाजी सरांनी ते उन्हात धरलं. “ही झिलई... मैत्री, हे भांडं अठराशे वर्षांपूर्वीचं. सातवाहनांच्या वेळचं. आणि हे बघ!” पाठीवर तीन रेघा होत्या, एका टिंबातून फुटलेल्या. “कुंभाराची खूण! आपल्या भांड्यावर केलेली त्याची खूण!”

“सर, पण गाळ वरचा आहे,” मैत्री हळूच म्हणाली. “याच गाळात चपलेचा रबरी पट्टासुद्धा सापडला.”

“खालचं वर येतंच गं कधी कधी!” सरांना आनंदात रबर दिसत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आळीच्या ग्रुपवर फोटो फिरला. दिग्विजयच्या मित्रांनी कोपऱ्यावर फलक लावायचं ठरवलं. “राव, अठराशे वर्षं! कंपन्या काय, काल आल्यात!” सर म्हणाले, रविवारी सगळ्यांना बघायला बोलवू, मोठे अधिकारी येतील, फरशी तशीच काचेखाली ठेवायची मागणी करू. आळी नवरीसारखी नटायला लागली.

आणि प्रभावतीबाई न जेवता आडव्या झाल्या. त्या तीन रेघा कुंभाराच्या नव्हत्या. त्या चिमणीच्या पावलाच्या होत्या. खिळ्यानं कोरलेल्या. कोरताना त्या स्वतः समोर बसल्या होत्या.

तेव्हा आळीत कुणाच्या घराचा पाया खणला की अशी लाल खापरं निघायची. तानूनं त्यातलं सगळ्यात सुंदर उचललं, आठ दिवस दगडावर घासलं, पाठीवर चिमणीचं पाऊल कोरलं आणि नाव ठेवलं चिमणी. मग ती चिमणी टाकावी तिथं पडायची. तानू ओढ्यापलीकडून यायची. सावली ओट्याला लागणार नाही अशी उभी राहायची, कारण प्रभाची आत्या ओट्यावर बसलेली असायची. पण एकदा ठिकरीच्या घरात उतरली की तानूला कोणाची आत्या दिसत नसे. लंगडी घालताना तिची वेणी तिच्याआधी उडायची.

सात डाव जिंकले की आठवा आभाळडाव. ठिकरी कपाळावर ठेवायची, मान आभाळाकडे करायची, म्हणजे जमीन दिसत नाही. मग एकेका घरातून चालत जायचं. प्रत्येक घरात विचारायचं, “नीट का गं राणी?” समोरची बघते. पाय रेघेला लागला नसेल तर म्हणायचं, “नीट.” लागला असेल तर, “रेघ.” खेळणारीला काही दिसत नाही. तिचा सगळा डाव समोरचीच्या जिभेवर.

त्या दिवशी तानू सहाव्या घरात पोचली. आणखी दोन घरं, की ती सगळ्या आळीची राणी. पाय घराच्या मधोमध होता. रेघ चांगली चार बोटं लांब. तिनं विचारलं. प्रभाच्या मनात आलं, हीच का नेहमी? माझ्या दारात, माझ्या आळीत, हीच का?

“रेघ,” प्रभा म्हणाली.

तानूनं मान खाली केली. पाय पाहिला. “न्हाई लागला गं.”

ओट्यावरून आत्या गरजली, “ह्यांची जातच रडी! प्रभे, लागला हुता का न्हाई पाय?”

एवढं सोपं होतं तेव्हा. एक शब्द. पण प्रभा म्हणाली, “व्हय आत्या.” आणि खरं बोलायची वेळ येऊ नये म्हणूनच की काय, खाली पडलेली चिमणी उचलून तिनं गटारात भिरकावली.

तानू रडली नाही. पायाला लागलेली धूळ झटकली आणि ओढा उतरून गेली. पुन्हा आळीत आली नाही. पुढं तिचं लग्न झालं, नवरा पिंपरीला कंपनीत होता एवढं कानावर आलं. एकदा, वीसेक वर्षांपूर्वी, चाकणच्या बाजारात प्रभावतीबाईंनी तिला कांदे निवडताना पाहिलं आणि स्वतः पोत्यांच्या थप्पीमागं दडून बसल्या. अर्धा तास. वरून दोन पोती अंगावर आली, तेव्हा हमालांनी बाहेर काढलं.

“विजू,” त्या सकाळी सुनेला म्हणाल्या, “एकाद्यानं लहानपणी खोटं बोललं, तर ते म्हातारपणी सांगावं का?”

विजयश्री मुलाचा डबा भरत होती. “कोणाला सांगायचं त्यावर आहे, आत्या. ऐकणारं माणूस आहे का अजून?”

“हाय.”

“मग उशीर कुठं झालाय?”

बाईंनी मैत्रीला गाठायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा ती मोजपट्टी धरून बसलेली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “आजी, रविवारी माझी आजी येणार आहे! घरं बघायला. रात्रभर झोपली नाही ती.” आणि बाई पोह्यांची बशी तिच्या हातात ठेवून परत फिरल्या.

रविवार उजाडला. दाराला तोरणं, आळीत सतरंज्या, मांडवाखाली टेबलावर कापूस घातलेला पेढ्यांचा खोका आणि त्यात चिमणी, बाळंतिणीच्या बाळासारखी. गर्दी मावेना. इतक्यात कोपऱ्यावर मोटारसायकल थांबली. मैत्रीचा भाऊ सिद्धेश पुढं, आणि मागं पांढरी साडी, निळ्या काठाची, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट. हेल्मेट निघालं आणि आतून पिकलेले केस, हसरे डोळे बाहेर आले.

“जय भीम, नमस्कार समद्यांना,” तानुबाई म्हणाल्या. “वाट द्या गं बायांनो. माजी घरं कुठायत?”

आवाज घोगराच होता. अजून. प्रभावतीबाई मंजुळाबाईच्या पाठीमागं सरकल्या.

“तुमी का लपताव?” मंजुळाबाई म्हणाली.

“गप गं!”

मैत्रीनं आजीला आधी टेबलाशी नेलं. सयाजी सरांनी दोन्ही हातांनी खोका पुढं केला, घसा साफ केला आणि सुरू केलं, “आजी, ही अठराशे वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराची...”

“अगं बया! ही तर माजी चिमणी!”

तानुबाईंनी ती उचललीसुद्धा, उलटी केली, तीन रेघांवरून अंगठा फिरवला. “खिळ्यानं कोरलंय मी. ही रेघ वाकडी गेली, कारन खिळा निसटून बोटात घुसला. हा बघा वण.” बोटावर खरोखर बारीक पांढरा वण होता.

सर एकदा वणाकडं, एकदा चिमणीकडं बघत राहिले. फलक लावणाऱ्या पोरांचे चेहरे उतरले. आणि मग सयाजी सर हसायला लागले. आधी गालात, मग पोट धरून. “मैत्रीबाई, रबरी पट्टा जिंकला! मी हरलो!”

“सर, पण खापर तर अठराशे वर्षांचंच आहे,” मैत्री म्हणाली. “आणि काल फरशीखाली, दीड मीटरवर, अजून एक सापडलं ना. तसंच गोल घासलेलं. बिनखुणेचं. आपण त्याला झाकण समजत होतो.”

सरांचं हसू थांबलं. डोळे मोठे झाले. “म्हणजे ठिकरी! तीसुद्धा ठिकरी! अरे, म्हणजे या जागेवर तेव्हापासून पोरी...” ते वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. करायची गरजही नव्हती. बायकांच्या घोळक्यातून टाळ्या फुटल्या. पोरांनी फलकावरचा कुंभार खोडायला खडू मागितला.

गोंधळ निवल्यावर कुणीतरी विचारलं, “पण आजी, ही गटारात कशी गेली?”

तानुबाईंची नजर गर्दीवरून फिरत आली, मंजुळाबाईच्या खांद्यावरून पलीकडं गेली, आणि थांबली. क्षणभरच.

“पडली असंल,” त्या म्हणाल्या. “खेळता खेळता.”

काय म्हणावं या बोलण्याला? आळीच्या दोन्ही बाजूच्या भिंतींनी ऐकलं, पण अर्थ एकीलाच कळला. अठ्ठावन्न वर्षं जिच्यावर आळ होता, तिनंच आळ घेणारीला झाकलं.

“आजी, खेळून दाखव ना!” मैत्री म्हणाली.

“लंगडी? ह्या गुडघ्यानं? डाक्टर मारंल मला.” मग तानुबाई थांबल्या. “पन आभाळडाव जमंल. सायेब, चालंल का? अनवानी खेळते.”

सर एकदा त्या फरशीकडं, एकदा त्या पावलांकडं बघत म्हणाले, “एवढ्या पिढ्यांनी खेळून झिजवलीय. तुम्ही चाललात तर ती फरशी आनंदानंच झिजेल. फक्त ते खापर...”

“पडू द्यायची न्हाई मी. माजी हाय ती.”

तानुबाई सिद्धेशच्या हाताला धरून चरात उतरल्या. चपला काढल्या. चिमणी कपाळावर ठेवली, मान आभाळाकडं केली. सयाजी सर बाजूनं दोन्ही हात ओंजळीसारखे धरून निघाले, झेल घ्यायला उभ्या असलेल्या खेळाडूसारखे. पहिलं पाऊल पडलं.

“पहिलं घर चुलीचं... नीट का गं?”

“नीट!” सगळी आळी ओरडली. कंपनीची पोरं, सुना, विक्की, मंजुळाबाई, सगळी.

दुसरं घर. “नीट!” तिसरं. “नीट!” तानुबाईंचं हसू कपाळावर चढत होतं आणि चिमणी थरथरत होती. चौथं. पाचवं. गुडघा अडखळला, सरांची ओंजळ पुढं आली, पण पाय घरातच पडला.

सहावं घर. तानुबाई थांबल्या. मान आभाळाकडंच होती. आवाज मात्र बदलला. बारीक झाला. उडाला.

“नीट का गं राणी?”

आळी ओरडायला तोंड उघडणार, तोच मैत्रीनं हात वर केला. तिला काय कळलं होतं कुणास ठाऊक. सगळे थांबले. गल्लीत नुसतं तोरणांचं सळसळणं.

प्रभावतीबाई पुढं आल्या. मंजुळाबाईला बाजूला केलं, चराच्या कडेला बसल्या, आणि सुनेचा हात धरून खाली उतरल्या. पायातल्या चपला आपोआप सुटल्या. दगड गार होता, ओळखीचा होता. त्यांनी वाकून तानूचा पाय पाहिला, जवळून, डोळ्याला चष्मा लावून. पाय घराच्या मधोमध होता. रेघ चांगली चार बोटं लांब.

“तने,” त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला, पण थांबला नाही. “आत्या इचारत हुती ना, पाय लागला हुता का. न्हाई लागला हुता. चार बोटं लांब हुता. चिमणी मी फेकली, माज्या हातानं. नीट हाय तने. तवाबी नीटच हुतं.”